डावा हात वहिनींचा, उजवा भाच्याचा

निघायच्या आदल्या रात्री

वहिनींच्या स्वयंपाकघरात लोखंडी कढईत डास पळवायच्या तेलासाठी खोबरेल तापत होतं. त्यात निरगुडीचा पाला, मूठभर कडुनिंब. पाला काळा पडला की गाळायचं, कोमट झालं की कापराच्या चार वड्या चुरायच्या आणि पार गार झाल्यावर सिट्रोनेलाचे (गवती चहाच्या जातीच्या गवताच्या तेलाचे) थेंब टाकायचे. सगळ्या घराला भजनाच्या खोलीचा वास लागला होता.

"मामी, मोहरी टाक आता, फोडणीच होऊन जाऊ दे," भाचा म्हणाला.

भाचा मिनेसोटाला शिकतो. तिथे उन्हाळ्यात डास इतके की त्यांना ते विनोदाने राज्यपक्षी म्हणतात, असं तो सांगतो. सुटीला येताना त्याने चॉकलेटांबरोबर डीटची, म्हणजे डास पळवणाऱ्या रसायनाची, बाटली आणली होती, २५ टक्क्यांची. वहिनींनी बाटली हातात घेऊन मागची बारीक अक्षरं वाचली. "डोळ्यांत जाऊ देऊ नका, जखमेवर लावू नका, घरी आल्यावर धुवा. ज्याच्यावर एवढ्या सूचना, ते मी अंगाला कशाला फासू?"

"तुझ्या तेलावर सूचना नाहीत कारण त्याला लेबलच नाही. कापूर डोळ्यांत घालून बघ एकदा."

हे असंच आंबोलीपर्यंत चालणार हे दिसत होतं. दादा गाडी चालवणार, म्हणजे तो वादात पडणार नाही. (शिवाय त्याने फुटपाथवरून डास पळवणारा रबरी मनगटी पट्टा घेतला होता आणि त्याच्या मते विषय तिथे संपला होता.) शेवटी मीच म्हटलं, माझे दोन हात आहेत. डाव्याला वहिनींचं तेल, उजव्याला भाच्याचं डीट. चार दिवस मी वहीत चावे मोजतो. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, डासांना तुमचं रक्त आवडायला हवं ना पण." माझ्या रक्ताबद्दल मला खात्री होती. दहाजणांत बसलो तरी पहिला डास माझ्याकडेच येतो.

पहिला दिवस : पुणे ते आंबोली

पहाटे साडेपाचला निघालो. कोल्हापूरपर्यंत सांगण्यासारखं काही नाही.

निपाणीला चहाला थांबलो. निपाणी म्हणजे तंबाखूची पेठ. बिडीची तंबाखू म्हटलं की या भागाचं नाव निघतंच. दादाने एका दुकानातून पाव किलो पानतंबाखू बांधून घेतली. तो खात नाही. जळवांसाठी. तंबाखू रात्रभर पाण्यात भिजवायची, त्या पाण्यात मोजे बुडवून वाळवायचे आणि ते घालून जंगलात जायचं. त्याच्या ऑफिसातल्या ट्रेकरने सांगितलेला उपाय. वहिनींना तो लगेच पटला, कारण तंबाखू झाडाला येते.

आजऱ्यानंतर पाऊस सुरू झाला. घाटमाथ्यावर शिरलो तेव्हा दुपारी तीन वाजता गाडीचे दिवे लावावे लागले. आंबोली समुद्रसपाटीपासून साधारण ६९० मीटर उंचीवर, अगदी सह्याद्रीच्या कडेला. अरबी समुद्रावरून आलेले ढग इथे आदळतात आणि वर्षाला ७,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस ओततात. पुण्याच्या दहापट. उतरलो ते घर कौलारू होतं, पुढे लांब पडवी, पडवीच्या टोकाला पागोळ्या झेलायला ठेवलेली दोन पिंपं. पिंपं पाहून भाच्याचा चेहरा खुलला. प्रयोगाला जागा चांगली होती.

सहा चाळीसला दोन्ही हातांना लावलं. डावा हात समईसारखा तुळतुळीत. उजवा आधी थंड पडला, मग जरा चिकट. पडवीत खुर्ची टाकून बाह्या कोपरापर्यंत वर केल्या आणि बसलो.

पहिली वीस मिनिटं दोन्हीकडे शून्य. वहिनींनी भाच्याकडे बघितलंही नाही, नुसत्या शेंगा सोलत राहिल्या. सात वाजून पाच मिनिटांनी डाव्या हातावर पहिला. तो यायचा कसा हे मी अगदी जवळून पाहिलं. आधी तेलाच्या वर बोटभर उंचीवर घिरट्या घालत राहिला, एकदा लांब गेला, परत आला, कोपराजवळ तेल पातळ लागलं होतं तिथे टेकला, पाय झटकल्यासारखे केले आणि मग सोंड लावली. पावणेआठला डाव्यावर पाच, उजव्यावर शून्य. पावणेनऊला डाव्यावर अकरा आणि उजव्यावर एक, तोही घड्याळाच्या पट्ट्याखाली. तिथे डीट लावायचं राहिलं होतं.

डास माणूस शोधतो तो श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवरून, घामातल्या लॅक्टिक आम्लावरून आणि अंगाच्या उबेवरून. अंगाला काही लावलं की हा माग विस्कटतो. सिट्रोनेलाही तो विस्कटतं, त्यात खोट नाही. पण ते उडून जाणारं तेल आहे. ज्या गुणामुळे त्याचा वास खोलीभर पसरतो, त्याच गुणामुळे ते कातडीवर टिकत नाही. २००२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक चाचणी छापून आली होती. १५ जणांनी डासांच्या पिंजऱ्यात हात घातले होते. जवळजवळ २४ टक्क्यांच्या डीटने सरासरी पाच तास धरलं. सिट्रोनेलाची उत्पादनं वीस मिनिटांच्या आत गळाली. वहिनींचं तेल पंचवीस मिनिटं टिकलं, म्हणजे बाजारातल्या मालाहून चांगलंच, आणि हे मी त्यांना तिथल्या तिथे सांगितलं.

"मग दर वीस मिनिटांनी लावायचं. तेल काय सोन्याचं आहे?" वहिनी म्हणाल्या.

हे उत्तर मला चुकीचं वाटलं नाही. पडवीत बसलेल्या माणसाला ते जमतं.

त्याच चाचणीत मनगटी पट्टेही होते. त्यांनी काहीच थोपवलं नाही. दादाच्या हातावर पट्ट्यापासून दोन बोटांवर गांध उठली होती, आणि तो पट्टा गोल फिरवून ती झाकायच्या खटपटीत होता.

जेवताना घरमालकाने दाराशी कासवछाप लावली. वहिनी म्हणाल्या, हे मात्र रासायनिक, खोलीत नको. गंमत अशी की कॉइलचा जन्म फुलातला. शेवंतीच्या जातभाईचं एक पांढरं फूल आहे, पायरेथ्रम. जपानात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्याची पूड मळून पहिल्या कॉइल वळल्या गेल्या. फुलातलं विष उन्हात लवकर मोडतं, म्हणून पुढे रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या धर्तीवर टिकाऊ भावंडं घडवली. आजच्या कॉइलमध्ये ती भावंडं असतात. म्हणजे फूल कुठे संपलं आणि रसायन कुठे सुरू झालं, याची रेघ मला तरी मारता आली नाही. खोलीत कॉइल नको हे मात्र मलाही मान्य, पण कारण वेगळं. विष राहो बाजूला, धूरच बघा. एक कॉइल जळताना जे सूक्ष्म कण सोडते ते ७५ ते १३७ सिगारेटींच्या तोडीचे, असं २००३ च्या एका अभ्यासात मोजलेलं आहे. गोवरीचा धूर पवित्र असला तरी फुप्फुसाला तो धूरच.

मच्छरदाणी लावून झोपलो. रात्री मोज्यांची बादली न्हाणीघरात ठेवली होती. न्हाणीघराला पानाच्या टपरीचा वास.

दुसरा दिवस : जळवा आणि बेडूक

सकाळी मोजे ओलेच होते. आंबोलीत जूनमध्ये काही वाळतं ही कल्पनाच चुकीची. दादाने ते तसेच घातले. मी आणि भाच्याने पोटरीपर्यंत येणारे कापडी जळूमोजे घातले, दाट विणीचे, वर नाडी. वहिनींनी काठीच्या टोकाला मिठाची पुरचुंडी बांधली. हा उपाय मी लहानपणापासून पाहतोय. जळू दिसली की ओली पुरचुंडी टेकवायची.

वाटाड्या गावातलाच, पन्नाशीचा. त्याचे पाय उघडे, पायात रबरी चपला. त्याने काही लावलं नव्हतं. दर दहा पावलांनी थांबून पाय बघायचा आणि बोटाने काढून टाकायचा. हा त्याचा उपाय.

जळू हा कीटक नाही, गांडुळाच्या नात्यातली आहे, तेव्हा डासांच्या हिशेबात ती बसत नाही. पण जंगलात आपल्याला त्रास देणाऱ्यांची यादी कीटकशास्त्राप्रमाणे येत नाही. पहिली दिसली ती पानाच्या टोकावर, मागच्या चूषकावर उभी, काडीइतकी बारीक, पुढचं टोक हवेत हलवत. मी तिच्यापुढे श्वास सोडला तशी ती वळली. माझ्या बुटावर आली, मोज्याच्या विणीत तोंड घालायचा प्रयत्न केला, जमेना, मग वाव मोजत गेल्यासारखी, कमान करत करत वर निघाली. भाच्याने मोज्यावर डीट फवारलं होतं. तिथे आल्यावर तिने तोंड मागे घेतलं, अंग आक्रसलं आणि खाली पडली. भाचा मामीकडे बघून हसला. अर्ध्या तासात पावसाने मोजे धुऊन निघाले आणि पुढची जळू त्याच जागेवरून बिनदिक्कत वर गेली. जळूमोज्याच्या नाडीपाशी अडली ती शेवटी कापडानेच अडवली.

दादाच्या मोज्यांवर खरोखर एकही चढली नाही. हे मान्य करायलाच हवं. पण तासाभराने त्याला मळमळायला लागलं, तोंडाला पाणी सुटलं, एका दगडावर बसला. तंबाखूमुळे की चढणीमुळे हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. मात्र ओल्या तंबाखूतलं निकोटिन कातडीतून अंगात जातं हे पक्कं आहे. तंबाखूची ओली पानं तोडणाऱ्या मजुरांना त्यानेच चक्कर येते, ओकाऱ्या होतात. निकोटिन हे झाडाने किड्यांना मारायलाच बनवलेलं विष. मोजे काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवले, पाय झऱ्यात धुवायला निघाला तर वाटाड्याने त्याला हटकलं आणि बाटलीतलं पाणी घेऊन वाटेच्या कडेला धुवायला लावले. तेव्हा त्याचं कारण कळलं नाही. ते रात्री कळलं.

वहिनींच्या पोटरीवर एक चिकटलीच. दुखत नाही, म्हणून कळलं नव्हतं. त्या पुरचुंडी टेकवणार तेवढ्यात वाटाड्याने नखाने आधी बारीक टोक, मग जाड टोक कातडीवरून सरकवून सोडवलं आणि टिचकीने उडवली. चिकटलेल्या जळूवर मीठ किंवा काडी लावली तर ती पोटातलं जखमेत ओकू शकते, म्हणून हीच रीत बरी. रक्त मात्र बराच वेळ थांबलं नाही. जळूच्या लाळेत हिरुडिनसारखी द्रव्यं असतात, ती रक्त गोठू देत नाहीत. कापूस दाबून पट्टी बांधली, पट्टी लाल झाली, वहिनींनी दुसरी बांधली आणि पुढे चालू लागल्या.

रात्री आठला बेडूक बघायला निघालो. मी शिस्तीत दोन्ही हातांना लावून तयार. वाटाड्याने टॉर्च माझ्या हातावर मारला, नाक जवळ आणलं.

"हाताक औषद लावलंस मां? मगे बेडकाक हात लावू नको. पाण्यात पण हात घालू नको."

मी डावा हात पुढे केला, हे औषध नाही, घरचं तेल आहे. त्याने तोही हुंगला. "कापूर आसा. ह्यो पण नको."

बेडकाची कातडी म्हणजे आपल्यासारखं चामडं नव्हे. तो तिच्यातूनच पाणी पितो, काही अंशी श्वासही घेतो. हातावर जे असेल ते सरळ त्याच्या आत. आंबोलीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, एक छोटा भेक (बेडकाचाच भाऊबंद) आहे, आंबोली भेक, तो या परिसराबाहेर जवळपास कुठे नाही आणि नष्ट होण्याच्या काठावरच्या यादीत आहे. पहिल्या पावसात सड्यावरच्या वीतभर डबक्यांत त्याची अंडी असतात. एवढ्याशा पाण्यात तंबाखूचे पाय धुतले असते तर? दादा काही बोलला नाही.

घरी परत जाऊन साबणाने दोन्ही हात धुतले. पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्याशी बटण, विजार मोज्यांत खोचलेली. हातांना काही नाही. त्या रात्री मला तीन डास चावले, तिन्ही मनगटापुढे. प्रयोगातला तिसरा हात म्हणा हवं तर. कापड.

भाच्याची विजार वेगळीच निघाली. ती पर्मेथ्रिन मुरवलेली होती, कॉइलमधल्या त्याच कुटुंबातलं रसायन. ते कातडीला लावायचं नसतं, कपड्यांनाच. डास आणि गोचीड त्यावर टेकले की मरतात. कापडात एकदा वाळलं की सहजासहजी सुटत नाही, पण माशांना ते अगदी थोडंही घातक. सकाळी हिरण्यकेशीच्या कुंडाकडे जाणार होतो. तिथल्या पाण्यात बोटाएवढा एक मासा आहे, त्याचं शास्त्रीय नावच हिरण्यकेशी नदीवरून ठेवलंय, आणि त्याच्यासाठी ती जागा २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. "उद्या साधी विजार घालतो," भाचा आपणहून म्हणाला. मामीने संधी साधली, "बघ, रसायन ते रसायनच." त्यावर मी म्हटलं, वहिनी, फुलातलं मूळ पायरेथ्रमही माशांना तितकंच मारतं. कोणीच जिंकलं नाही, म्हणून सगळे गप्प झालो आणि त्यामुळेच बहुधा बेडूक ऐकू आले. झुडपातला एक बारका टाइपरायटर बडवल्यासारखा टकटक करत होता. पाण्यावर वाकलेल्या फांदीला साबणाच्या फेसासारखा गोळा लटकला होता, मलबारी उडत्या बेडकाचं घरटं. आत अंडी, खाली डबकं. पिल्लं फेसातून सुटली की थेट पाण्यात.

टॉर्च भाच्याच्या हातात होता. परत येताना त्याने तो मला दिला तर बोटं चिकटली. सकाळी डीटच्या हाताने धरल्यामुळे मुठीचं प्लॅस्टिक विरघळून मऊ झालं होतं आणि त्यावर त्याच्या अंगठ्याचा ठसा रेषेरेषेनिशी उमटला होता. वहिनींनी तो ठसा दिव्याखाली नेऊन बघितला. बराच वेळ.

"आणि हे तू अंगाला लावतोस."

इथे भाच्याची बाजू मांडायला हवी. डीट काही प्लॅस्टिकं, रोगण, काही कृत्रिम धागे विरघळवतं हे खरं. पण खोबरेलही फुग्याचा रबर बिघडवतं, आणि आपण ते डोक्याला लावतो. प्लॅस्टिक विरघळणं आणि माणसाला अपाय होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डीट अमेरिकेच्या शेतकी खात्याने १९४४ मध्ये शोधलं, १९४६ पासून त्यांचं सैन्य वापरू लागलं, १९५७ पासून ते सामान्यांना मिळतं. इतकी वर्षं, इतकी माणसं. सांगितल्याप्रमाणे वापरलं तर त्याचा त्रास क्वचित. मी हे सगळं सांगितलं. पण त्या ठशापुढे आकड्यांचं काही चाललं नाही. मलाही तो ठसा अजून आठवतो.

तिसरा दिवस : कावळेसाद

कावळेसादला दरीतून वारा असा वर येतो की धबधब्याचं पाणी उलटं आभाळाकडे उडतं. छत्र्या मिटून हातात धरल्या. दोन तास होतो. डावा हात शून्य, उजवा शून्य, दादा शून्य, आणि काहीच न लावलेला चहावालाही शून्य. वहिनी डाव्या हाताकडे बोट दाखवून काही बोलणार होत्या, मग चहावाल्याकडे बघून थांबल्या. डास अशक्त उडतो. जोराचा वारा त्याला पेलत नाही. घरी मच्छरदाणीत न झोपणाऱ्याला साधा पंखा पुष्कळ उपयोगी पडतो तो याच कारणाने.

हिरण्यकेशीला लांबूनच पाणी बघितलं. महादेवगडाच्या टोकावरून ढगाशिवाय काही दिसलं नाही.

दुपारी घरी वीज गेली, पंखा बंद. दादाने मनगटी पट्टा कचऱ्यात टाकला होता, आणि वहिनींचं पातळ केलेलं तेल पुरत नाही म्हणून सिट्रोनेलाची छोटी बाटली उघडून तसंच मानेला चोळलं. संध्याकाळपर्यंत मान लाल, बारीक फोड. असली तेलं नेहमी खोबरेलात किंवा तिळेलात पातळ करूनच लावायची असतात. लिंबाच्या सालीचं तेल लावून उन्हात गेलं तर कातडी भाजल्यासारखी होते. बाटलीवर पान काढलेलं होतं आणि 'शंभर टक्के नैसर्गिक' लिहिलं होतं. किती थेंब, कशात, हे कुठेच नव्हतं. मला खरा राग त्या शब्दाचा येतो, तेलाचा नाही.

भाच्याने मग एक गोष्ट सांगितली ती मामीला आवडली. लिंबाच्या वासाच्या निलगिरीपासून एक द्रव्य काढतात, पीएमडी. झाडाचंच, पण शुद्ध करून दाट केलेलं, आणि ते चक्क डीटच्या जवळपास टिकतं. नुसतं निलगिरी तेल नव्हे हं, मामी, त्याने काही होत नाही. आणि तीन वर्षांखालच्या मुलांना ते लावत नाहीत. आपल्याकडे ट्यूबमध्ये मिळतं त्या ओडोमॉसमधलं द्रव्य डीटचं चुलत भावंड आहे, डीईबी. टक्केवारीचंही त्याने सांगितलं, आणि हे मला नवं होतं. १० टक्के आणि ३० टक्के यांत जोराचा फरक नसतो, वेळेचा असतो. १० वाल्याने दोनेक तास धकतं, ३० वाल्याने पाचेक. ५०च्या पुढे वेळही फारशी वाढत नाही, नुसती अंगाला भर.

चौथा दिवस : दोडामार्ग

घाट उतरून दाणोली, सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग. वहिनींची मावशी इकडे एका वाडीत राहते. घाट उतरला तसा घाम सुरू झाला. डावा हात दहा मिनिटांत गेला, उजवाही दोन तासांतच. वहीत तसं लिहिलं आहे. घामात आणि पावसात बाटलीवरचे तास धरायचे नाहीत.

मावशीच्या मागीलदारी भाताच्या खाचराच्या कडेने मुरकुटं घोंघावत होती. गोठ्यात नारळाच्या सोडणांची धुरी पेटवलेली, वर निरगुडीचा ओला पाला. वहिनींना वाटलं इथे तरी आपला माणूस भेटला. त्यांनी बाटली काढली, मावशीने हुंगली, तळहातावर घेऊन गुडघ्याला चोळली. "सांध्याक बरां तेल." नातू दोन वर्षांचा, रांगत जवळ आला, कापराच्या वासाने बाटलीकडे हात टाकला. भाच्याने झेप घेतली. कापूर लहान मुलाच्या पोटात थोडा गेला तरी झटके येतात. बाटली फळीवर गेली आणि नातवावर जुन्या लुगड्याच्या किनारीची मच्छरदाणी पालथी झाली. त्यात तो पायाचा अंगठा धरून निजला.

मग मावशी बोलायला लागली. २०१६ चा जानेवारी. याच तालुक्यात माणसं तापाने पडायला लागली, अंग मोडून टाकणारा ताप, नाकातून रक्त. त्याआधी जंगलात माकडं मेली होती. माकडताप. पुढच्या वर्षी तो बांद्याकडे सरकला. हा रोग पहिल्यांदा ओळखला गेला तो १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात, म्हणून पुस्तकात त्याचं नाव क्यासनूर. पसरवते ती गोचीड. त्यातही खसखशीएवढी पिल्लं, जी दिसतच नाहीत. त्यांचा जोर नोव्हेंबर ते मे. त्यातच काजूचा हंगाम. पडलेल्या पाल्यात हात घालून बी वेचायची, आणि पाल्यातच त्या बसलेल्या.

"माकड मेलेला दिसला की त्या वाटेन जावचा नाय," मावशी म्हणाली. मेलेल्या माकडाच्या अंगावरून गोचिडी उतरतात आणि आसपासच थांबतात. "पायाक तेल लावून मगच बागेत. घराक इल्यावर कढत पाण्यान न्हाण. कपडे भायर."

तेल घरचं नव्हे. आरोग्य खात्याचे लोक द्यायचे ते. गोचिडीला थोपवणारं असं एक द्रव्य, डीईपीए, आपल्याच ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेने तयार केलंय. कर्नाटकात या तापासाठी ते वाटतात.

"त्येचो वास?" वहिनींनी विचारलं.

"घाण. लावतंय मगे काय करतलंय? काजी कोण येचतलो?"

वहिनी थोडा वेळ तिच्या पायांकडे बघत राहिल्या. मग भाच्याला म्हणाल्या, "तुझ्या बाटलीत किती उरलंय?"

अर्ध्याहून जास्त होतं. गोचिडीवर चालतं का, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं. चालतं. भाच्याने प्रथमोपचाराच्या डब्यातली चिकटपट्टी फाडून बाटलीवर लावली आणि मराठीत लिहायला बसला. 'कपड्याच्या आत नाही. जखमेवर नाही. घरी आल्यावर साबणाने धुवायचं. बाळाच्या हाती लागू नये.' अमेरिकेत शिकून त्याचं अक्षर बिघडलंय, वहिनींनी पट्टी काढून स्वतःच्या अक्षरात पुन्हा लिहिली. गोचीड चिकटलीच तर रॉकेल ओतायचं नाही, चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची, हेही त्यांनी खाली बारीक अक्षरात घातलं.

मावशीने चश्मा लावून सगळं वाचलं.

"ह्यां पायाक किती येळ रवतला?"

ते लिहायचं राहिलं होतं. पट्टीवर जागा नव्हती, म्हणून वहिनींनी झाकणावर लिहिलं : 'चार तास. घाम आला तर त्याआधी.'